नेलचं बोलणं

मिस्टर लॅथम यांची बोटं संधिवातानं वाकडी झाली, तेव्हापासून ते कादंबरी तोंडी सांगत आणि मी टाइप करी. खिडकीतून सुपीरियर सरोवर दिसे, खाली धक्क्याला लागलेली खनिजाची जहाजं. चार वर्षांच्या नेलला सांभाळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून ती माझ्या टेबलाखाली खेळायची. लॅथम यांची पन्नाशीची मुलगी एडिथ कॉफी आणून ठेवी. ती लहानपणापासून मुकी.

लहान मुलांचं बोलणं लिहावं तर लॅथमनीच, असं सारा देश म्हणे.

"काय नेलबाई, आज काय पाहिलंत?"

"धुकं. त्याला बूट नाहीत ना, म्हणून गुपचूप येतं."

"घे इर्मा, हे आपल्या कादंबरीतल्या पॉलीच्या तोंडी घाल," ते हसत म्हणाले. मला तर कोण अभिमान वाटला!

संध्याकाळी नवऱ्याला, रॉयला, ऐकवावं म्हणून मी विचारलं, "धुकं कसं येतं गं?" नेलनं नुसते खांदे उडवले. पोरं विसरतात.

पुढे लॅथमनी तिला विचारणंच सोडलं. आदल्या दिवशी आमच्या न्हाणीघरात ती जे बोललेली असे, तेच लॅथम मला टाइप करायला सांगत. त्याच लाडिक हेलात. घरी नेल दुधाकडे नुसतं बोट दाखवू लागली. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे.

एका दुपारी एडिथ नेलसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिच्या तोंडावर तळहात दाबून धरला. मी ओरडले, पोरीला ओढून घेतलं. एडिथ रडत होती.

लॅथम यांच्या पहिल्या कादंबरीतल्या बडबड्या मुलीवर देश भाळला, तेव्हा एडिथही चारच वर्षांची होती. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

"मी उद्यापासून येणार नाही," मी लॅथमना म्हणाले. "माझी मुलगी बोलत नाहीये."

"बोलत नाही?" त्यांनी कागदांच्या चळतीवर हात ठेवला. "काल तर किती बोलली."

पुस्तक दुसऱ्याच कुणीतरी टाइप करून पुरं केलं. त्याला मोठं पारितोषिक मिळालं. किराणा दुकानातली डोरिस म्हणते, "अगं, ती पॉली अगदी कानाशी बोलते बघ!"

बोलते खरी. म्हणून रोज दुपारी मी ते पुस्तक नेलला वाचून दाखवते. माझ्या लेकीचा आवाज मला आणखी कुठे ऐकायला मिळणार?

तिचे ओठ हलतात. माझ्या एक शब्द आधी.

शेवटचं प्रकरण तेवढं मी उघडत नाही. त्यात पॉलीची आई बोलायला लागते.

रॉय म्हणतो, हल्ली तूसुद्धा गप्प गप्प असतेस.