डाव्या हाताचा मळ

जुने कम्प्युटर दुरुस्त करणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. बढाई नाही ही. झाकण उघडलं की पंख्यावरच्या धुळीवरूनच मला कळतं, हा टिकणार की भंगारात जाणार. म्हणून तर धाकट्या बहिणीनं मला तिच्या ऑफिसात बोलावून घेतलं.

ती नकाशे काढते. तिच्या टीमला मिळून चार कम्प्युटर. ज्याला जो रिकामा मिळेल तो त्याचा. खिडकीजवळच्या सगळ्यात जुन्याला सगळे ‘आजोबा’ म्हणत. आजोबांवर बसायला लागल्यापासून तिचा उजवा हात हळूहळू बधिर होत चालला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. उजवा हात गेला की नोकरी गेली, आणि तिचा सगळा संशय आजोबांवर. मी म्हटलं, नाचता येईना, अंगण वाकडं. एरवी ती हसली असती.

दुपारी टीम जेवायला गेली आणि मी कामाला लागलो. तिघांचा निकाल झटपट लागला. आजोबा तर ठणठणीत निघाले. खटकला फक्त माउस. तो कीबोर्डच्या डावीकडे होता आणि टेबलाचा रंगही डावीकडेच, मनगट टेकतं तिथे, झिजला होता. जेवायला जाताजाता टीमच्या प्रमुख बाईंनी सांगितलं होतं, आमच्यात डावखुरं कोणी नाही, आधीही नव्हतं.

माउस उलटा केला. कडेला काळपट मळ साचला होता. असा मळ वाळून कडक होतो, नखानं त्याची खपली निघते. हा मऊ होता, आणि कोमट. उजव्या अंगठ्यानं तो खरवडला, माउस उजवीकडे ठेवला आणि हात धुवायला गेलो.

परत आलो तर माउस डावीकडे.

खोलीत कोणी नव्हतं. मी तो उचलून पाहिला. कडेला पुन्हा मळ होता, पुन्हा कोमट.

मला राग आला. भीती नाही, रागच. माझं काम कोणी खोटं पाडलेलं मला खपत नाही. मी तो पार शेवटपर्यंत खरवडून काढला. मग मात्र तो साचला नाही.

ऑफिसच्या यादीत आजोबांच्या नावापुढे ‘वापरात ठेवावा’ असा शेरा लिहिला. सही जरा वाकडी आली.

संध्याकाळी माझ्या दुरुस्तीच्या दुकानात असताना धाकटीचा फोन आला.

"दादा, बोटं हलतायत रे माझी. आत्ता वेणी घातली मी, माझी मी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी तिचा असा आवाज ऐकत होतो.

"फार त्रास झाला का रे तुला?" तिनं विचारलं.

फोन माझ्या डाव्या हातात होता. उजवा मांडीवर पडून होता. दुकानात आल्यावर उचललेला स्क्रूड्रायव्हर अजून त्याच्या मुठीतच होता. मूठ उघडत नव्हती.

"छे गं," मी म्हणालो. "डाव्या हाताचा मळ."