पांढऱ्या फरशीचं घर

दारात उभा असलेला तो तरुण आत येईना, तेव्हा निशिगंधानं त्याच्याकडे नीट पाहिलं. अंगभर काळी धूळ, केसांवर पावसाचे थेंब, हातात जेवणाचा डबा. बाहेर श्रावणातली सर उन्हातच पडत होती.

"पेंटर ना?" ती म्हणाली. "मागच्या दारानं या. फरशीवर पाय देऊ नका."

"पेंटर न्हाय मी." तो हसला. काळ्या चेहऱ्यात दात तेवढे पांढरे दिसले. "घर बघाय आलोय. बाहेर बोर्ड लावलाय न्हवं, विकणे आहे म्हणून?"

निशिगंधा इतकी ओशाळली की धूळ त्याच्या चेहऱ्यावर असताना ओढणीनं चेहरा तिनं स्वतःचा पुसला.

त्याचं नाव यशराज. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तो लोखंडाच्या ओतकामासाठी वाळूचे साचे तयार करायचा. पहिली पाळी संपवून थेट इकडेच आला होता. भाड्याच्या दोन खोल्या सोडून आईला स्वतःच्या घरात न्यायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

निशिगंधाच्या मनात मात्र बरंच काही होतं. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर तिनं ठरवलं होतं, जुनं घर विकत घ्यायचं, दुरुस्त करून पुन्हा विकायचं, मग त्यातून दुसरं घ्यायचं. उचगावचं हे पहिलंच. कागदपत्रं वकिलाकडून तपासून घेतली, गळकं छत काढलं, वायरिंग नवं केलं. वडिलांनी, हंबीररावांनी, एकच अट घातली होती. "दसऱ्यापर्यंत घर विकलं तर खुशाल हाच धंदा कर. न्हाय विकलं तर बिद्रीला तुझ्या मामानं बघितलेली नोकरी." दसरा दोन महिन्यांवर आला होता. सतरा जण घर बघून गेले होते. सगळे 'छान हाय' म्हणाले आणि परत कुणी फिरकलं नाही.

"आत तरी या," ती म्हणाली.

"कसा येऊ? फरशी दुधासारखी हाय. हातपाय कुठं धुवायचं?"

"आत बाथरूम आहे की. शॉवरसुद्धा बसवलाय."

"तिथवर ह्याच फरशीवरनं जायचं न्हवं?"

निशिगंधानं दारापासून बाथरूमपर्यंतची फरशी नजरेनं मोजली.

"मॅडम, इथं घर घेणार कोण? आमच्यासारखी कामाची माणसं. दिवसभराची काळी माती बाहेर धुतल्याबिगर आमची आई उंबरा ओलांडू देत न्हाय. परसात मोरी न्हवती व्हय ह्या घराला?"

होती. मागच्या दाराला लागून, दगडी, नळासकट. पण मोबाईलवरच्या व्हिडिओंमधल्या प्रत्येक परसात झोपाळा असायचा, म्हणून निशिगंधानं मोरी फोडून तिथं झोपाळा टांगला होता. घर तिनं स्वतःला आवडेल तसं सजवलं होतं. त्यात राहणार कोण, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. नव्यानं शिकणाऱ्याकडून अशी चूक होतेच. ती कुणीतरी न हसता दाखवून द्यावी, एवढंच.

यशराज हसला होता... पण थोडंसंच.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मोरी परत बांधायचं ठरलं. मोरीचा दगड शेजारच्या तानाबाईंनी धुणं धुवायला नेला होता. तो मागायला दोघं गेली, तेव्हा तानाबाई म्हणाल्या, "टाकताना मला विचारलंतीस व्हय? आता दगड मुरलाय माझ्याकडं." मग यशराजकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "आणि हे पावणं कोण म्हणायचं?"

"गिऱ्हाईक," निशिगंधा घाईनं म्हणाली.

"गिऱ्हाईक दगड उचलाय येतंय व्हय? न्या मग, न्या."

मोरीला उतार नीट हवा. त्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतात. एक टोक एकानं एका भिंतीशी धरायचं, दुसरं दुसऱ्यानं समोर. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत आलं की खूण करायची. निशिगंधानं एक टोक धरलं, यशराजनं दुसरं.

"आलं का पाणी सारखं?" तिनं विचारलं.

"आलंय."

"नळीकडं बघून सांगा."

"...बघतो की."

ती हसली, नळी हलली, आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. दोघांचीही तक्रार नव्हती.

पंधरा दिवसांत मोरी झाली. तरी रोज दुपारी डबा घेऊन यशराज हजर.

"घर पाठ झालं असेल आता," ती म्हणायची.

"घर झालंय पाठ."

"मग?"

"नळाला धार बरी हाय का, ते बघाय येतो."

भाद्रपदात मात्र एका दुपारी तो मोरीच्या कट्ट्यावर नुसताच बसून राहिला. "बँकेनं सांगितलंय, ह्या घराचं कर्ज दिवाळीनंतरच मिळंल."

"मी थांबते," ती लगेच म्हणाली.

"आणि दसऱ्याची अट?"

"बिद्री काही परदेश नाही."

"ह्या एका घरासाठी पुढची सगळी घरं सोडायची? असलं गिऱ्हाईक व्हायचं न्हाय मला." तो उठला आणि मागं न बघता गेला.

तीन दिवस तो आलाच नाही. चौथ्या दिवशी आला, तो निसार नावाच्या सोबत्याला आणि त्याच्या बायकोला, सनाला घेऊन. निसारचं कर्ज मंजूर होतं. सना सगळं घर फिरली, मागच्या दाराशी थांबली, नळ सोडून पाहिला आणि नवऱ्याला म्हणाली, "हेच घ्यायचं." निशिगंधानं हसून मान डोलावली. मग पाणी आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

नवरात्राच्या पाचव्या दिवशी सगळे नोंदणी कार्यालयात जमले. विकणाऱ्याला ओळखणारी दोन माणसं तिथं लागतात. एक हंबीरराव होते. दुसरा माणूस आयत्या वेळी आला नाही, म्हणून निसारनं यशराजला पुढं ढकललं.

कारकुनानं वर न बघता विचारलं, "तुम्ही ह्यांना ओळखता?"

"व्हय."

"कसे?"

यशराजनं निशिगंधाकडे पाहिलं. "मी... म्हणजे घर बघाय आलतो."

"घर तर हे घेतायत."

"व्हय. घर बघायचं केव्हाच संपलं... तरी मी येत राहिलो."

"पावणं, मागं लाईन हाय. नातं सांगा."

निशिगंधा पुढं झाली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "साहेब, होणारा नवरा लिहा. म्हणजे... त्यांची ना नसेल तर."

"ना कशाला असंल," यशराज एवढंच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"तसं लिहिता येत न्हाय. परिचित लिहितो," कारकून म्हणाला. आता मात्र त्यानं वर पाहिलं होतं.

मग सगळ्यांनीच हंबीररावांकडे पाहिलं. त्यांनी सावकाश चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पोरा, तुला स्वतःचं घर हाय का?"

"न्हाय, मामा. बघतोय."

हंबीरराव लेकीकडे वळले. "अट तू पुरी केलीस. आता दुसरं घर बघ. दोघं मिळून बघा. पण एक सांगून ठेवतो, ते विकायचं न्हाय."