हट्टी शाई

जिन्याच्या वळणावर विज्ञानाच्या बाई आणि चित्रकलेचे सर एकमेकांवर धडकले. बाईंच्या हातातला ट्रे उलटला. वाळू, मीठ, लोखंडाचा कीस सगळं पायऱ्यांवर एक झालं आणि काळ्या शाईची बाटली फुटली.

"अरे देवा! आता हे वेगळं कसं करायचं?" सर खाली बसत म्हणाले.

"तेच तर आज सातवीला शिकवायचंय. कीस चुंबकाला चिकटतो. उरलेलं पाण्यात ढवळून गाळलं की वाळू मागे राहते. मग पाणी आटवलं की मीठ."

"आणि शाई?"

"तिच्यातले रंग ओल्या कागदावर वेगळे होतात... होणार होते." बाईंनी फुटक्या बाटलीकडे पाहिलं. आज मुख्याध्यापिका तास बघायला बसणार होत्या. तास जमला तर नोकरी कायम, नाहीतर सामान बांधून घरी.

सर धावत गेले आणि एक बाटली घेऊन आले. "माझ्याकडची सगळ्यात भारी शाई. घ्या."

बाटली देताना बोटांना बोटं लागली. दोघांनीही उगाच खिडकीबाहेर पाहिलं.

तास सुरू झाला. कीस, वाळू, मीठ सारं सुरळीत पार पडलं. मग बाईंनी शाईचा ठिपका दिलेली कागदाची पट्टी पाण्यात उभी केली. पाणी वर चढलं, ठिपका ओलांडून गेलं, पण शाई जागची हलेना! मुलं खुसखुसू लागली.

तेवढ्यात दारातून बघत उभे असलेले सर आत घुसले. "बाई, चूक माझी! ती शाई पाण्यात विरघळतच नाही. चित्र ओलं झालं तरी पुसू नये म्हणून वापरतो मी!" त्यांनी खिशातून एक स्वस्तातलं काळं स्केचपेन काढलं.

बाईंनी श्वास घेतला. दोन पट्ट्या शेजारी-शेजारी उभ्या केल्या. एक ठिपका ढिम्म. दुसऱ्यातून निळा, जांभळा, पिवळा रंग वर चढू लागला.

"पाण्यात जे विरघळतं, तेच पाण्याबरोबर चालतं," बाई म्हणाल्या, आणि वर्ग पुढे झुकून बघत राहिला.

मुख्याध्यापिका उठल्या. "पुढच्या वर्षीही सातवी तुमच्याकडेच."

वर्ग रिकामा झाला तशा बाई मटकन बाकावर बसल्या. इतकं हलकं त्यांना वर्षभरात वाटलं नव्हतं. "जीव भांड्यात पडला!"

"माझासुद्धा," सर म्हणाले. "तुम्ही गेला असतात, तर..."

"तर काय? आणि खिशात स्केचपेन असताना ती भारी शाई कशाला दिलीत हो?"

सर कानापर्यंत लाल झाले. "तुम्हाला साधंसुधं द्यायला... हात धजावेना. पहिल्या दिवसापासून हे असंच आहे माझं."

बाईंनी हसू दाबत फोन लावला.

"आई, नोकरी पक्की झाली! ...हो, रविवारी येते ना... नाही गं, एकटी नाही."