मनगटावरचे शांत ठोके

दुपारी दोनच्या आत खिंडीपलीकडची लाल दाराची झोपडी गाठायची, एवढीच आमची मोहीम होती. गाठली, तर डोंगरी बचाव पथक माझे मनगटी पट्टे वापरणार होतं. नाही गाठली, तर सहा वर्षांची मेहनत पाण्यात! पट्टा दिसायला साधा. जोडीदाराच्या हृदयाचे ठोके आपल्या मनगटावर जाणवतात. त्याने त्याचा पट्टा दाबला की आपला आवळतो. धुक्यात दिसो न दिसो, माणूस हाताशी असतो.

पुढे वाटाड्या, मग पथकाचा परीक्षक, मग मी आणि शेवटी माझा धाकटा भाऊ. प्रत्येक पट्ट्यातली केसाएवढी तार त्याच्याच बोटांनी जोडलेली. चाचणीची अट कडक होती: शंभर पावलांचं अंतर, दोर नाही, हाक नाही.

"ताई, मागे पडलो तर ओरडणार नाही हं, नियम आहे!" निघताना तो हसला होता.

अर्ध्या चढावर बोचरा वारा सुटला. धुकं इतकं दाट, की स्वतःचे बूट दिसेनात! माझी छाती फुटायला आली होती. आणि भावाचे ठोके? संथ! कामाच्या टेबलाशी चहा पीत बसल्यासारखे. मी मोजले. दहा ठोके, एक चुकलेला. पुन्हा दहा, पुन्हा एक. पुन्हा दहा!

हा ठेका माझ्या ओळखीचा होता. संपर्क तुटला की पट्टा गप्प व्हायचा आणि माणसं घाबरायची. म्हणून गेल्या महिन्यात मी एक शहाणपणा केला होता: संपर्क तुटलाच, तर दोन्ही पट्ट्यांवर निघताना नोंदलेले दहा शांत ठोके, सांध्यावर एक चुकवत, फिरून फिरून वाजत राहतील. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. भावाला तर नाहीच, त्याने ते हाणून पाडलं असतं.

कड्याच्या आडोशाला परीक्षक थांबला होता. "भाऊ ठीक आहे ना तुमचा?"

"अगदी! हात लावून बघा." मी मनगट पुढे केलं. त्याने बोट टेकवलं आणि खूश होऊन पुढे निघाला.

अंतर वाढलं असेल, येईल मागून, असं मी स्वतःला बजावत राहिले. मागे वळले असते, तर चाचणी तिथेच संपली असती. मी भावाला टाकून चालले होते. याला दुसरं नाव नाही.

चाळीस मिनिटांनी खिंडीपलीकडे धुकं फाटलं. समोर लाल दार! जेमतेम दोनशे पावलं! दीड वाजला होता. मी मागे पाहिलं. खिंडीपर्यंतची पांढरी वाट लख्ख दिसत होती. तिच्यावर कुणी नव्हतं.

"मागे फिरा!" मी किंचाळले. "हे ठोके खोटे आहेत!"

वाटाड्याने शिवी हासडली, खांद्यावर दोर टाकला आणि धावत सुटला. मागच्या चढावर बर्फाचा पापुद्रा फुटलेला होता. खाली, दोन माणसांच्या उंचीइतक्या खोल कपारीत भाऊ! वाटाड्या उतरला. "ओढा!" आम्ही ओढलं. दोर निसटला! परीक्षकाचे तळवे सोलले. पुन्हा ओढलं. तो वर आला. जिवंत! ओठ निळे पडलेले, उजव्या हाताचा मोजा गायब. परीक्षकाने चाचणीच्या नोंदींची वही पिशवीत टाकली, ती पुन्हा काढली नाही.

इस्पितळात त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं कापावी लागली. "अर्धा तास आधी आणला असता, तर वाचली असती," डॉक्टरीण म्हणाली.

शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "मी सारखा पट्टा दाबत होतो, ताई. कपारीला खाचा होत्या, धडपड केली असती तर चढलो असतो कदाचित. पण तुझे ठोके इतके शांत होते! म्हटलं, ताईला कळलंय, ती येतेय. मग बसून राहिलो."

मी त्याला सगळं सांगितलं.

"कळल्यावर किती वेळ चालत होतीस?"

"चाळीस मिनिटं."

त्याने डावं मनगट पुढे केलं. "काढ."

उजवा हात बांधलेला होता, त्याला एकट्याला जमत नव्हतं. मी पट्टा काढला.