झोळीतला हात

हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये ती बिस्किटाच्या पुड्याशी झटापट करत बसली होती. उजवा हात गळ्यातल्या झोळीत, पुडा डाव्या हातात, आणि दात कामाला लावावेत की चारचौघांत लाज राखावी, हे काही ठरत नव्हतं.

"गुडघ्यांत धरा," समोरच्या टेबलावरून आवाज आला.

"काय?"

"पुडा. गुडघ्यांत दाबा आणि वरून ओढा. दातांनी उघडलात तर निम्मी बिस्किटं जमिनीला."

तिनं तसं केलं. पुडा निमूटपणे उघडला. तिनं मान वर केली... त्याचाही उजवा हात झोळीत होता.

"नवीन दिसताय," तो म्हणाला. "मी जुना. मोटारसायकलवरून पडलो, खांद्यातल्या नसाच उपटल्या. तुमचं काय?"

खरं सांगायची वेळ हीच होती. तिच्या हाताला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. ती ऑक्युपेशनल थेरपी शिकत होती. ज्यांचे हातपाय चालत नाहीत, त्यांना जेवण, आंघोळ, कामधंदा पुन्हा जमवून द्यायचा, ही ती विद्या. मॅडमनी वर्गाला सांगितलं होतं, दिवसभर एक हात बांधून जगून बघा. पण समोरचा माणूस असा मनापासून बघत होता की तिची जीभ अडखळली.

"माझं... जरा गुंतागुंतीचं आहे," ती म्हणाली.

"असू दे. वेणी मात्र डाव्या हातानं घातलीय, ते लपत नाही."

"इतकी वाईट आहे?"

"माझं सलून होतं, म्हणून बोललो. पण कानापाशी ती बट सुटलीय ना, तिला हात लावू नका. चुकून छान पडलीय."

ती कानापर्यंत लाल झाली.

इतिहासाची पदवी घेऊन ती काही वर्षं विम्याच्या कचेरीत होती. अंगठा गेला तर किती टक्के, करंगळी गेली तर किती, असे लोकांच्या हातांचे हिशेब करून जीव विटला, म्हणून ती पुन्हा कॉलेजात आली. "एका पदवीचं काय लोणचं घातलंस?" असं आईनं विचारलं होतं. वर्गातली पोरं तिला आजी म्हणायची. आजी अशी लाजेल, हे आजीलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी थेरपीच्या विभागात तो तिच्याच टेबलासमोर येऊन बसला. ती पांढऱ्या कोटात, दोन्ही हात धडधाकट. त्याचं हसू जागच्या जागी विझलं.

"वा! एका दिवसात बरा झाला?"

"मला कालच सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

"तुमचा हात संध्याकाळी सुटला," तो हळूच म्हणाला. "माझा कधी सुटतो, तेवढं सांगा. मग माफ."

तिनं त्याची फाईल उघडली. त्या प्रश्नाचं उत्तर पुढे बरेच दिवस टाळलं. कंगवा स्टँडमध्ये अडकवून, विग घातलेल्या लाकडी डोक्यावर डाव्या हातानं कात्री चालवायची, असं तिनं त्याला शिकवायला घेतलं. तो दोन-चार बटा कापायचा, वेड्यावाकड्या, आणि कात्री आपटायचा. "डावा शिकलो म्हणजे उजवा मेला, हे मीच कबूल केल्यासारखं होईल."

सांधे आखडू नयेत म्हणून ती त्याच्या उजव्या हाताचं एकेक बोट वाकवायची. खिडकीवर पाऊस टपटपत असायचा. तो तोंड फिरवून बसायचा.

"दुखतंय?"

"दुखलं असतं तर चाललं असतं. तुम्ही रोज माझा हात धरता आणि मला कळतसुद्धा नाही... याच्याइतका अन्याय कुठला?"

ती हसली. बोटं मात्र तिनं सोडली नाहीत.

एके दिवशी त्यानं सरळच विचारलं, "सगळे 'बघू' म्हणतात. तुम्ही तरी खरं सांगा. येईल हात?"

सर्जननी मॅडमना काय सांगितलं, ते तिनं ऐकलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "नाही येणार."

तो उठला. डाव्या हातानं झोळी सारखी केली आणि निघून गेला. परत आलाच नाही.

मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "हे सर्जननी सांगायचं होतं, त्याच्या आईला शेजारी बसवून. तू का सांगितलंस?"

"त्यानं मला विचारलं म्हणून."

मॅडमनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "असं आहे तर. मग त्याची केस आजच सोड."

केस सोडली, पण मन सुटेना. शेवटी ती त्याच्या सलूनवर गेली. दोन माणसं भिंतीवरचा मोठा आरसा उतरवत होती. बाहेर टेम्पो उभा होता. त्याला विभागात सोडायला येणारी त्याची आई दारातच भेटली. "ये गं. तुझ्याशी तरी बोलतो का बघ. माझ्या बहिणीकडे चाललोय आम्ही, कायमचे."

तो रिकाम्या भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसला होता.

"आता मी तुमची थेरपिस्ट नाही," ती म्हणाली. "म्हणून सांगते... मला तुम्ही आवडता. खूप."

त्यानं खुर्ची तिच्याकडे वळवली.

"मलाही तू," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं तिला 'तू' म्हटलं होतं. "पण तू मला बघितलंस कधी? दोन्ही हातांनी काम करताना? गिऱ्हाईक आरशात बघून हसायचं तेव्हा?"

"नाही. मी तो माणूस पाहिलाच नाही. मला हाच माहीत आहे. मला हाच आवडतो."

"तेच तर," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "तुला जो आवडतो ना, त्याच्याबरोबर एक दिवस काढणंही मला जड जातंय. तुला कुठून त्याच्या गळ्यात बांधू?"

"शिकाल हळूहळू..."

"शिकेनही. पण तू शेजारी उभी राहून वाट बघत असताना नाही जमणार गं."

तो खुर्चीतून उठला. तिनं खुर्ची बाहेर न्यायला माणसांना मदत केली, त्याच्या आईला टेम्पोत चढवलं. तो पुढच्या सीटवर बसला.

"आज कॉलेज नाही?" त्यानं खिडकीतून विचारलं.

"आहे. पेशंट थांबले असतील."

"मग जा ना."

"जाते," ती म्हणाली, आणि टेम्पो कोपऱ्यावर वळून दिसेनासा होईपर्यंत तिथंच उभी राहिली.