रिकाम्या हौद्यातलं ओझं

ही गोष्ट खरी आहे. तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मला फरक पडत नाही.

भुताच्या गोष्टींच्या या पानावर रोज कोणाला तरी पांढऱ्या साडीतली बाई दिसते. अमावस्या असते, बारा वाजलेले असतात आणि गाडी बरोबर तिथेच बंद पडते. मी गॅरेजवाल्याची बायको आहे. गाडी बॅटरी उतरल्यामुळे बंद पडते, हे एकदा तरी लिहा.

माझ्या गोष्टीत रात्र नाही. गेल्या वर्षीचा मे महिना होता. भरदुपार होती. महागावहून फुलसावंगीकडे जाताना बाजूला एक कच्चा चढ लागतो, तिथे हे सुरू झालं.

आमचं गॅरेज महागावात आहे. माझे मिस्टर धम्मरत्न गाड्या दुरुस्त करतात आणि बाजूच्या दुकानात मी स्पेअर पार्ट विकते. आमच्या घरात देव नाही, भूत नाही. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आहेत. अंगारे-धुपारेवाल्यांना मी दुकानाची पायरी चढू देत नाही.

त्या दिवशी रजत आला. दारव्ह्याच्या एका ठेकेदाराचा पोरगा. बापाच्या जिवावर उड्या मारणारा, आणि आता त्याची गाडीही तेच करत होती.

भली मोठी पिकअप. इंजिनची ताकद वाढवून आणलेली, मागे ठोकळे घालून उंच केलेली. नाकापेक्षा मोती जड. चढावर जोरात ॲक्सिलेटर दाबला की मागची चाकं धडधड उडायची. ठिकठिकाणी शॉकअप बदलून झाले होते, फरक शून्य. आणि लवकरच त्याला डोंगर चढायच्या कुठल्याशा शर्यतीत गाडी घालायची होती.

"भाभी, गाडी नाही, घोडा हाय घोडा!"

"घोड्याले अक्कल असते," मी म्हटलं.

मिस्टर गाडीखाली जाऊन आले. "शॉकअपचा दोष नाही बे. जोर पडला का मागच्या आसाची हाउसिंग पिळते, तिच्यासंगं कमानीचे पट्टे वाकतात, मंग एकदम सुटतात. म्हनून उडते. हाउसिंगले चेसीशी धरून ठेवनारा दांडा बसवा लागन. पहिले मागं वजन टाकून पाहू. उडी कमी झाली तर खोट पट्ट्यातच हाय."

चढावर गेलो. व्हिडिओ काढायला रजतने मलाही नेलं. दुसरं कोणी त्या उन्हात तयार झालं नसतं.

आमच्याकडे कापसाची काळी माती. ढेकळं पाहिजे तेवढी, पण दगड शोधावा लागतो. मात्र त्या चढाच्या माथ्यावर गोट्यांचा मोठा ढीग आहे. बंजारा तांड्यावरच्या बाया खालच्या नाल्यातून एक गोटा उचलतात, डोक्यावर मोळी घेऊन चढ चढतात आणि माथ्यावर तो गोटा ठेवून म्हणतात, "माझा भार तुझ्यावर." किती पिढ्या हे चाललंय कोणास ठाऊक.

नाल्यात गोटे होतेच. पण तिथे उतरून रजतचे पांढरे बूट मळले असते. त्याने सरळ ढिगाला हात घातला.

तांड्यावरची जमनीयाडी (याडी म्हणजे आई) तिथेच मोळी टेकवून बसली होती. म्हातारी ताडकन उठली.

"बापू, थे नोको उचलू. थे दगड नाही. लोकायनं ठेवलेलं ओझं हाय."

रजत दात काढून हसला. मीही हसले. त्याचं मला आजही काही वाटत नाही. दगड म्हणजे दगड.

गाडीचा मागचा हौदा गोट्यांनी भरला. रजतने गाडी खाली नेऊन चढाला लावली आणि पाय दाबला.

एकदाही उडली नाही.

रजत खिडकीतून ओरडत वर आला, जसा काही गड जिंकला. मग त्याने सगळे गोटे उतारावरून खाली ढकलून दिले. परत ढिगावर रचायचे कष्ट कोण घेतो?

हौदा रिकामा झाला.

पण गाडी मागून वर आली नाही...

पट्टे तसेच दबलेले. बंपर जमिनीला टेकायला आलेला. मिस्टर खाली वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"पट्टे बसले वाटते," ते म्हणाले. पण त्यांच्या तोंडावरून त्यांनाच ते पटलेलं दिसत नव्हतं.

तेव्हाच मला तो आवाज आला. रिकाम्या हौद्यातून.

हुश्श...

डोक्यावरची मोळी खाली ठेवताना बाई सोडते, तसा श्वास.

मी जमनीयाडीकडे पाहिलं. ती केव्हाच उतरून गेली होती. चढावर चिटपाखरूही नव्हतं.

मी मनाशी म्हटलं, उन्हाने माणसाचे कान वाजतात.

गॅरेजमध्ये आल्यावर मिस्टरांनी मागे जॅक लावला. जॅक वर जाईना. त्याच जॅकने आम्ही सोयाबीनने भरलेला ट्रक उचलतो. रजत बाजूला मोबाइल पाहत बसला होता. उथळ पाण्याला खळखळाट फार, पण काम पडलं की पाणीच आटतं.

मिस्टर वैतागून खाली शिरले आणि पट्ट्याला खांदा लावला. अडलेल्या गाडीशी बोलायची त्यांना सवय आहे. लेकराला समजावतात तसं बोलतात.

"आन इकडं. मी घेतो तुहा भार."

हुश्श...

आणि गाडी वर आली. सावकाश, आपोआप. सगळे पट्टे मोकळे झाले.

"पाह्य! बसले नव्हतेच," मिस्टर खालून म्हणाले.

दिवस मावळायच्या आत त्यांनी दांडा बसवला, नवे बुश टाकले, यू-बोल्ट आवळले. मागच्या पडीक वावरात गाडी पळवून पाहिली. चाकं जमिनीला धरून राहिली. काम पक्कं झालं होतं. रजत हॉर्न वाजवत निघून गेला.

जेवण झालं आणि मिस्टरांना उठता येईना.

"पाठीवर कोनं पोतं ठेवल्यावानी लागून राह्यलं," ते म्हणाले.

यवतमाळला नेलं. एक्स-रे साफ निघाला. डॉक्टर म्हणाले, स्नायू आखडले, आराम करा. आराम केला. माणूस कमरेतून वाकतच गेला. अन्न जाईना, अंग वाळून काडी झालं. आणि त्या काडीखाली पलंगाची नवार तुटली. शेजारच्या चौघांनी त्यांना उचलून पाहिलं. चौघांना मिळून ते हलले नाहीत.

मग एके दिवशी त्यांचा श्वास अडकायला लागला. छाती वर येईना. डोळे माझ्याकडे लागलेले. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. मी त्यांना दोन्ही हातांनी कवटाळलं आणि तोंडाला येईल ते ओरडले.

"द्या इकडं! द्या, मी घेते!"

हुश्श... अगदी माझ्या कानाशी.

मिस्टरांनी मोठा श्वास घेतला. उठून बसले. म्हणाले, "चहा टाक वं."

मला चहा टाकायला उठता आलं नाही.

तेव्हा कळलं. कोणी मागून घेतलं की ते ओझं त्याच्याकडे जातं. गाडीकडून त्यांनी मागून घेतलं, त्यांच्याकडून मी.

मी त्यांना सांगितलेलं नाही. ते आता शीळ घालत गाड्या खोलतात. मी भिंत धरून चालते. लोक म्हणतात, ममताबाई लवकर म्हातारी झाली. रजतने शर्यत जिंकली. कप घेतलेला फोटो मला पाठवला, खाली लिहिलं, 'भाभी, घोडा!' उचललं त्याने आणि वाहते आहे मी. त्या पोराचा मला इतका राग आला की तो फोटो मी पुसून टाकला.

एकदा मी त्या ढिगापाशी जाऊन आले. नाल्यातला गोटाही नेला होता. जमनीयाडी भेटली.

"नाही चालत बाई," ती म्हणाली. "तिथं आपलंच ओझं ठेवता येते. हे लोकायचं हाय."

मी तिला म्हटलं, काहीतरी बरळू नको. आणि तिथेच बसून रडले.

काल माझी मुलगी सलोनी शाळेतून आली. सातवीत आहे. मी पाण्याने भरलेला पितळी गुंड घेऊन जिन्यात थांबले होते. ती दप्तर टाकून धावत वर आली.

"आई, दमली का वं? दे इकडं, मी..."

मी गुंड सोडून दिला आणि तिच्या तोंडावर हात दाबला. इतका जोरात की बोटं उमटली. ती रडायला लागली. गुंड जिन्यावरून खणखणत खाली जात होता, त्या आवाजात दुसरं काही ऐकू आलं नाही. तिचा शब्द पुरा झाला होता की नव्हता, मला सांगता येत नाही.

आज सकाळी मी जिना एका दमात चढले.

सलोनी अजून उठलेली नाही. डोळे उघडे आहेत. आई, पाठीवर कोन हाय, विचारते.

मी तिच्या उशाशी बसले आहे. दे इकडं, मी घेते... सकाळपासून हेच म्हणते आहे. पण ते हुश्श काही ऐकू येत नाही. एकदा उतरलेलं परत माझ्यावर येत नाही की काय?

तुमच्यापैकी कोणाला काही माहीत असेल तर सांगा. काहीही असू द्या. मी हसणार नाही.