जावईबापूंची सकाळ

मेल्यावर माणसाने गुमान पडून राहावं, एवढी साधी गोष्ट आमच्या जावयाला कळली नाही. जिवंत असताना उठवायला दहा हाका माराव्या लागायच्या, आणि गेल्यावर मात्र उठायची हौस!

हसा. मीही हसले असते. पण हे माझ्या पोटच्या पोरीच्या घरात घडलंय आणि मी तिथे होते. ना अमावस्या, ना मध्यरात्र. भर दुपारी, लख्ख उन्हात घडलंय.

लेक माझी शास्त्रज्ञ. आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं म्हणे, तांदळाच्या दाण्याएवढं. ते कसं चालतं हे शोधण्यात तिचं तारुण्य गेलं. जावईही त्याच कामात. दोघांनी एका तळघरात खोली करून घेतली होती. खिडकी नाही, घड्याळ नाही, फोन नाही. पलंग, टेबल, दिवा आणि बाहेरच्यांशी बोलायला भिंतीत एक स्पीकर. आत माणूस ठेवायचा. त्याला झोप आली की त्याने दिवा मालवायचा, जाग आली की लावायचा. सूर्य दिसेनासा झाला की मेंदूतलं घड्याळ रोज थोडं मागे पडतं. आतल्याची सकाळ सरकत सरकत बाहेरच्या संध्याकाळी होते.

नियम एकच. आतल्याला किती वाजले ते सांगायचं नाही. काही झालं तरी नाही.

शेवटच्या खेपेला जावई स्वतःच आत गेले.

तिथेच, झोपेत, हृदय बंद पडलं.

त्यानंतर मी लेकीकडे राहायला गेले. आधी वाटलं, दुःखाने पोरगी उशिरा उठतेय, उठू दे. पण रोज आणखी थोडा उशीर. नाश्ता जेवणाच्या वेळेला, मग जेवण दिवेलागणीला...

"अगं, तू घड्याळाची डॉक्टर ना? तुझंच घड्याळ बिघडलं की!"

ती खिडकीचा पडदा ओढून घ्यायची.

मग मी कान दिला.

ती उठायच्या जरा आधी... बाथरूममधला नळ सुटायचा.

मग चपला. फटक... फटक... डावा पाय जरा ओढून.

ती जावयाची चाल. आणि त्या चपला मी माझ्या हाताने कचऱ्यात टाकल्या होत्या.

मग स्वयंपाकघरात कपात चमचा फिरायचा. मी धावत जाऊन बघायची, तर कुणी नाही. नळ बंद.

बेसिन मात्र ओलं.

पाठोपाठ माझी पोर उठून यायची आणि दोन कप मांडायची.

त्या दिवशी हे सगळं भर दुपारी झालं. ती डोळे चोळत आली, कपांकडे हात नेला. मी तिचं मनगट धरलं. नुसती काडी झाली होती.

"कुणासाठी गं दुसरा?"

"त्याची आत्ता सकाळ झालीय, आई."

"तो गेला, बाळा."

"त्याने आतून विचारलं होतं. किती वाजले गं? सांग ना, कुणाला कळतंय! मी हसले. म्हटलं, नियम म्हणजे नियम. मग त्याने दिवा मालवला." ती कपाकडे बघत बोलत होती. "त्याला काही माहीतच नाही, आई. तो अजून प्रयोगातच आहे."

"आणि तू?"

तिने मनगट सोडवून दुसरा कप पुढे ओढला.

मी शाळा अर्ध्यात सोडलेली बाई. पण एवढं मलाही कळलं, की असंच चाललं तर ही पोर त्याच्या मागोमाग त्या खोलीत जाऊन बसेल. कायमची.

"चल, चप्पल घाल. तळघराची चावी घे."

खोलीला बाहेरून कुलूप होतं. मी बाहेरच्या भिंतीवरच्या स्पीकरच्या बटणाला हात घातला.

"आतली वीज तोडलीय, आई. काही ऐकू जायचं नाही."

"मग माझा हात का धरतेस?"

"सांगायचं नसतं गं!" पोर लहान मुलीसारखी रडायला लागली.

"नियम तुझे. सासू मी." आणि दाबलं बटण. "जावईबापू, दुपारचे दोन वाजलेत. बाहेर ऊन रणरणतंय. झालं तुमचं काम. सुटलात."



मग स्पीकरमधून... कुणीतरी श्वास सोडला. लांब. दमून घरी आलेल्या माणसासारखा.

आणि दाराखालची उजेडाची रेघ विझली.

ती पेटली कधी होती, हे आम्हा दोघींपैकी कुणीच पाहिलं नव्हतं.

त्या रात्री लेक वेळेवर झोपली, उन्हाबरोबर उठली. आता कामावर जाते. एकच कप मांडते. तिच्या घरात कसलाही आवाज नाही. सगळं मार्गी लागलं म्हणून मी माझ्या घरी, मुला-सुनेकडे परतले.

इथेच संपतं तर बरं होतं.

जन्मभर मी दूधवाल्याच्या आधी उठलेली. परवा उठले, तर सुनेचं दूध तापवूनही झालं होतं. काल त्याहून उशीर. आज डोळे उघडले तेव्हा ऊन पलंगावर चढलेलं...

आणि बाथरूममध्ये नळ वाहत होता.

फटक... फटक... स्वयंपाकघराकडे.

सून समोर भाजी निवडत बसलेली. तिने मानसुद्धा वर केली नाही.

मी पदर खोचला. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि रिकाम्या खोलीला मोठ्याने म्हणाले,

"वेळ मी सांगितली, म्हणून माझ्या मागे आलात होय? या. पण चहा मिळणार नाही, सांगून ठेवते. माझ्या उरल्यासुरल्या सकाळी हव्यात तर घ्या, जावईबापू. माझ्या पोरीची एकही मिळायची नाही!"